चोवीस पदरांची राखी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या मल्लय्याला तर नाहीच. सोलापुरात आमच्या साखर पेठेत कोणालाही विचारा, सदू वायरमननं मल्लय्याचा जीव वाचवला, असंच सांगतील. सांगताना थोडं मीठमसालाही लावतील. खरी गोष्ट अशी, की ज्या फ्यूजनं मल्लय्याचा जीव वाचला तो मी घातलेला नव्हता. मी घातलेली तार त्या सकाळी तिथं असती, तर मल्लय्या उरला नसता. एवढं लिहायला मला निम्मं आयुष्य लागलं. आता लिहिलंच आहे, तर सगळं सांगून टाकतो.

मी कुर्डुवाडीचा. वडील रेल्वेच्या कामावर होते, आणि तिथल्याच एका म्हाताऱ्या उस्तादाकडे मी विजेचं काम शिकलो. उस्ताद बोलायचा कमी, पण फ्यूजबद्दल एकदा मनापासून बोलला होता. म्हणाला, "घरातल्या सगळ्या तारांत ही एकच तार मुद्दाम दुबळी ठेवायची. जास्त करंट आला तर हिनं आधी मरायचं, म्हणजे बाकीच्या जगत्यात. हिला तगडी करणारा वायरमन न्हवं, खाटीक." मी मान डोलावली होती. विशीतल्या पोराला मान डोलवायला काय लागतं?

सोलापुरात मला काम मिळालं ते एका तेलुगू कारखानदाराकडे. त्याला आम्ही नुसतं मालक म्हणायचो. त्यानं पेठेत नवेनवे यंत्रमाग आणले होते. पत्र्याच्या लांबट शेडमध्ये एक मोटर, तिच्या पट्ट्यानं फिरणारा छताखालचा लांब शाफ्ट, आणि त्या शाफ्टावर सहा माग. मागच्या पडवीत जुने हातमाग अजून चालत. त्यांच्या साड्यांच्या काठाला जर लागायची, आणि जरीच्या कांड्या भरायचं काम राजम्माचं. राजम्मा म्हणजे मल्लय्याची बायको. मल्लय्या विणकर, आधी हातमागावर होता आणि आता यंत्रमागावर आलेला. दोघं शेडला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत. तिसरी खोली मला मिळाली आणि जेवण त्यांच्याकडे लागलं. मी तिला अक्का म्हणायचो. ती मला सदू म्हणायची, आणि खुशीत असली की तम्मुडू, म्हणजे धाकटा भाऊ.

त्या घराचे आवाज आजही माझ्या कानात आहेत. पहाटे राजम्मा ज्वारीच्या भाकऱ्या थापायची, तो थापटण्याचा आवाज. मग पडवीतल्या हातमागांची खटक-खटक, माणसाच्या श्वासासारखी, मध्येच थांबणारी, मध्येच हसणारी. आणि आठाच्या ठोक्याला मोटर सुरू झाली, की सहा मागांचा असा काही धडधडाट उठायचा, की चुलीवरच्या चारूवर बारीक लाटा उमटायच्या. चारू म्हणजे त्यांचं चिंचेचं आंबटतिखट सार. त्यात भाकरी कुस्करायची, वर शेंगाची चटणी, बाजूला अंबाडीची पच्चडी. मला पहिल्या दिवशी ठसका लागला तेव्हा मल्लय्या म्हणाला होता, "कुर्डुवाडीत काय दूधभात खाता व्हय रं?" राजम्मा तेलुगूत त्याला काहीतरी बोलली आणि तो गप्प झाला. काय बोलली ते मी विचारलं, तर म्हणाली, "माझ्या हातचं खाऊन पैल्या दिवशी ह्यो पन रडला हुता, तेच सांगितलं."

राजम्माची बोटं हा त्या घरातला खरा चमत्कार होता. जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली केसाहून बारीक धातूची पट्टी. ती न मोडता, न उसवता कांडीवर चढवायची. बघता बघता जरीच्या धाग्याचा पदरामागून पदर तिच्या बोटांतून जायचा, आणि किती पदर झाले ते ती न बघता सांगायची. मी एकदा मुद्दाम दोन पदर काढून ठेवले. तिनं पीळ नुसता चिमटीत धरला आणि म्हणाली, "दोन कुटं गेलं? वायरमन चोर हाय वाटतं." मी ओशाळून ते परत दिले.

आता माझ्या करणीकडे येतो. मालकाचा धंदा बरा चालला, म्हणून त्यानं त्याच शाफ्टावर आणखी दोन माग बसवले. मोटर तीच. सहा मागांची मोटर आठ माग ओढू लागली, आणि फ्यूज उडायला लागले. माझी लाकडी पाटी मोटरीच्या वरच्या भिंतीवर होती. तिच्यावर एक मेन स्विच आणि दोन चिनी मातीचे कटआउट; दोन्हीपैकी एक उडाला तरी मोटर बंद. कटआउटची मूठ ओढून काढायची, आतल्या दोन स्क्रूंना कथील-शिशाची बारीक तार बांधायची, मूठ परत बसवायची, एवढंच काम. पण ते दिवसातून तीनदा व्हायला लागलं. दर वेळी आठ माग थांबायचे, आठ विणकर हात बांधून माझ्याकडे बघायचे, आणि मालक दारात येऊन उभा राहायचा.

"सदू, तुझा फ्यूज हाय का लाजाळूचं झाड? हात लावला की मान टाकतंय."

"मालक, मोटरीवर भार जास्त हाय."

"मोटरीला तोंड हाय का? तिची तक्रार तू कशाला सांगतोस? ती चालतीय. तुझी तारच तेवढी मरतीय. शेजारच्या कारखान्यात वायरमन मिळंल का बघू व्हय?"

सगळे हसले. त्या हसण्यानं माझा घात केला, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. हसणं सहन करता येतं. मला भीती वाटली, काम जाईल आणि मान खाली घालून कुर्डुवाडीला परतावं लागेल याची. नारळी पौर्णिमेच्या दोन दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी होती, तेव्हा मी दोन्ही कटआउटमध्ये जाड तांब्याची तार पिळून घातली. वायरिंगमधून उरलेली, काडीएवढी जाड. ती कशानंच उडाली नसती.

दोन दिवस माग अखंड चालले. मालकानं पाठ थोपटली. मल्लय्या म्हणाला, "आता कसं, सदू माणसात आला." फक्त राजम्मा, जी मोटरीजवळच्या खिडकीत उजेडाला कांड्या भरत बसायची, ती दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मोटरीला ताप येतोय. वास येतोय जळका. तू काय घातलंस त्या डबीत?"

"नव्या जातीची तार हाय अक्का. लई मजबूत."

तिनं चारूची वाटी माझ्याकडे सरकवली. मग भाकरी वाढली. मी खाली मान घालून खाल्ली.

नारळी पौर्णिमा हा तिथल्या विणकरांचा मोठा सण. माग त्या दिवशी बंद. पुरुष मंडळी नवीन जानवं घालून देवळाकडे, मिरवणुकीला. राजम्माच्या घराण्याची पद्धत अशी, की त्या दिवशी घरातल्या प्रत्येक अवजाराला जरीची राखी बांधायची: मागाला, ताण्याचे दोरे जिच्या दातांतून जातात त्या फणीला, धोट्याला, चरख्याला. घरात जेवढे माग, त्या प्रत्येकाच्या नावाचे तीन पदर एकत्र पिळायचे. मागल्या वर्षीपर्यंत हातमागांच्या हिशेबानं ही राखी होई. त्या वर्षी तिनं हिशेब नव्या आठ मागांवर धरला. चोवीस पदर. काठाला लागून उरलेली टोकं तिनं वर्षभर डब्यात साठवलेली असत. दुपारी बक्षालु म्हणजे पुरणपोळ्या झाल्या, नारळीभात झाला. मी पोटभर जेवून मल्लय्याबरोबर मिरवणूक बघायला गेलो. घरात ती एकटी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर सुरू झाली. मोटरीला कुंकू, स्टार्टरला राखी, पाटीवर फूल. मालकानं नारळ फोडला. धडधडाट उठला. मल्लय्याला एक वाईट खोड होती. चालू शाफ्टाला तेल घालायची. त्यासाठी माग थांबवणं त्याला कमीपणाचं वाटे. त्या दिवशी तो सणाचं नवं उपरणं गळ्यात टाकून आला होता. स्टुलावर चढला, तेलाची बुधली वर केली, आणि उपरण्याचं टोक पट्टा आणि चाकाच्या मध्ये गेलं.

मी दहा हात लांब होतो. मला दिसलं ते असं: मल्लय्याचे पाय स्टुलावरून उचलले गेले. उपरण्याचा फास गळ्याला बसला आणि त्याचं तोंड चाकाकडे जायला लागलं. बुधली खाली पडली. चाकात कापडाचा बोळा अडकून शाफ्ट कण्हायला लागला, मोटर घुमायला लागली, आणि मला त्या क्षणी नक्की कळलं, की मोटर आता थांबणार नाही. कारण तिला थांबवणारी एकच गोष्ट मीच काढून टाकली होती. मेन स्विच मोटरीच्या पलीकडे. मी धावलो. पोचणार नाही हे मला माहीत होतं.

इतक्यात पाटीवर फट्ट असा आवाज झाला, निळा-पिवळा लखलखाट झाला आणि सगळं सैल पडलं.

आठ माग एकाच वेळी थांबले की जी शांतता होते ती फार मोठी असते. पट्टा ढिला पडला. दोघांनी मल्लय्याला खालून उचलून धरलं, तिसऱ्यानं कात्रीनं उपरणं कापलं. त्याला जमिनीवर निजवलं. गळ्याभोवती लाल वळ, डोळे बाहेर. राजम्मा पडवीतून धावत आली आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. कोणी पाणी मारलं. बराच वेळ घरघर चालली आणि मग मल्लय्या पहिलं वाक्य बोलला:

"माझं नवं उपरनं कुनी फाडलं रं?"

आणि सगळी शेड हसायला लागली. हसता हसता माणसं रडत होती. आयुष्यात मी पुढं पुष्कळ आनंद पाहिला, मुलं झाली, दुकान झालं, पण तसा आनंद परत पाहिला नाही. मालक, जो कोणाला शिवत नसे, तो विणकरांच्या गळ्यात पडत होता.

मग त्याला फ्यूज आठवला. "सदू, बघ रं काय झालं." मी स्टुलावर चढलो, मेन खाली ओढला, पहिल्या कटआउटची मूठ काढली. माझी जाड तार तिथं होती, जशीच्या तशी. दुसरी मूठ काढली. तिच्यात माझी तार नव्हती. दोन स्क्रूंना काळा पडलेला रेशमाचा झुपका, विणकरी गाठ, आणि चिनी मातीवर सांडलेले सोन्यासारखे बारीक थेंब. केस जळल्यासारखा वास आला. मी मान वळवून खाली पाहिलं. मल्लय्याचं डोकं मांडीवर घेतलेली राजम्मा माझ्याकडेच बघत होती. तिनं मान हलवली. अगदी थोडी. नको, अशी.

"काय हाय?" मालक खालून म्हणाला.

आणि मी म्हणालो, "फ्यूज उडाला, मालक. बारीक तार घातली हुती. भार वाढला की उडावी म्हणूनच."

हे ते वाक्य. त्यात एकही शब्द खोटा नाही म्हणून मी किती वर्षं स्वतःची समजूत घातली! घातली कोणी, एवढंच त्यात नव्हतं. मालकानं मला स्टुलावरून उचलून उतरवलं. कोणीतरी मोटरीवरचा हार काढून माझ्या गळ्यात घातला. मी तो घालू दिला.

दिवेलागणीला राजम्माच्या स्वयंपाकघरात गेलो. मल्लय्या बाहेरच्या खोलीत झोपला होता. ती पीठ चाळत होती. चाळणीची मोडकी कड नव्या तांब्याच्या तारेनं बांधलेली मला दिसली. काडीएवढी जाड तार.

"वळखलीस?" ती म्हणाली. "मजबूत हाय. चाळनीला बरी हाय."

मी खाली बसलो. "अक्का, तू डबी उघडलीस? शॉक बसला असता तर?"

"तू मेन खाली वडतोस, मग मूठ वडतोस. रोज बगते की. मला डोळं हायत." तिनं चाळण बाजूला ठेवली. "ऐक तम्मुडू. मागावर ताण पडला की दोरा तुटतो. दोरा तुटला की मी गाठ मारते, काम चालू. दोरा न्हाय तुटला तर काय हुतं? फनीचं दात वाकत्यात. फनी गेली की म्हैनाभर बस बोंबलत. म्हणून दोराच तुटावा. तू दोरा काढून तितं कासरा बांधलास. मी कासरा काढला, राखी बांदली. पैल्या डबीचा स्क्रू लई घट्ट हुता, निगाला न्हाय."

उस्तादाला जे सांगायला मरण्यामारण्याची भाषा लागली होती, ते तिनं फणीच्या दातांनी सांगितलं. वीज म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. ताण म्हणजे काय हे पेठेत तिच्याइतकं कोणाला कळत होतं?

"मी मालकाला खरं सांगतो," मी म्हणालो. मनातून तिनं नको म्हणावं असं वाटत होतं. हेही आज लिहून टाकतो.

"सांगशील तर तुझं काम जाईल. आनि बाईनं इजंच्या डबीला हात लावला म्हणून मालक आमाला पन काढंल. ह्याला तर कळायलाच नगं, घरात तोंड वर करून बोलनार न्हाय परत." ती बाहेरच्या खोलीकडे बघून हसली. "तुझ्या तारंचं मी सांगत न्हाय. माझ्या राखीचं तू सांगू नगंस."

मी कबूल केलं. इतकी सोपी कबुली मी कधीच दिली नसेल.

पुढचं मात्र माझं स्वतःचं आहे, आणि ते मी अभिमानानं लिहितो. दुसऱ्या सकाळी मालक शेडमध्ये आला तेव्हा मी मेन स्विचपुढे उभा राहिलो. म्हणालो, "मालक, ह्या मोटरीवर सहाच माग. आठ चालवायचे तर मोठी मोटर आणा. न्हायतर मी हात लावनार न्हाय आनि दुसऱ्याला लावू पन देनार न्हाय." मालकानं मल्लय्याच्या गळ्यावरच्या वळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "उतरवा दोन माग." पट्टे उतरताना कोणीतरी शिट्टी मारली. त्या वेळी माझी छाती फुगली होती, आणि त्या एका फुगण्याबद्दल मला आजही लाज वाटत नाही. दोन महिन्यांत मोठी मोटर आली. तिला पहिलं कुंकू राजम्मानं लावलं.

त्यानंतरची वर्षं आमच्या विजयाची. कथलाची तार सोलापुरात कधी मिळायची, कधी नाही. मग मी आणि राजम्मानं फावल्या वेळात जरीची मोजणी बसवली. ती पदर पिळायची, मी दिवे लावून बघायचो. इतक्या दिव्यांना इतके पदर, इतक्या मागांना इतके. एक दिवा वाढला की फट्ट! राजम्मा टाळी वाजवायची, "मेला! बरा मेला!" आणि मल्लय्या बाहेरून ओरडायचा, "कोन मेला गं?" ती मोजणी मी वहीत उतरवली. वहीवर माझं नाव घातलं. पेठेत ज्याच्या ज्याच्या शेडमध्ये वीज आली, तिथं मला बोलावणं आलं. 'सदूचा फ्यूज' असा शब्द पडला. आज तयार तारेची रिळं दुकानात मिळतात, जरीचं काम संपलं. पण त्या सगळ्या वर्षांत, जिथं वीज आणि कापूस एका छपराखाली नांदत होते, तिथं मी हात लावलेल्या एकाही शेडला आग लागली नाही. एकही माणूस गेला नाही. ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यातला प्रत्येक आकडा राजम्माच्या बोटांनी मोजलेला आहे.

मालक वारला. मुलांनी कारखाना विकला. आम्ही दोघांनी एकमेकांना दिलेल्या शब्दाचं कारणच उरलं नाही. त्या दिवशी मी गप्प बसलो ते भीतीनं; नंतरची सगळी वर्षं गप्प बसलो ते सवयीनं, आणि हार गळ्यात बरा दिसतो म्हणून.

मल्लय्या आता म्हातारा झाला. दर नारळी पौर्णिमेला तो नारळ घेऊन माझ्या दारात येतो. माझ्या मुलांसमोर गळ्यावरची खूण दाखवतो आणि म्हणतो, "ह्यो नारळ तुमच्या बापाचा. ह्यो हाय म्हणून मी हाय." नारळ राजम्मानं निवडलेला असतो, हलवून, पाणी ऐकून. त्याच्या शेंडीला जरीची राखी बांधलेली असते. पहिल्या वर्षी मी घाबरून ती सोडून मोजली होती. चोवीस पदर. मग दर वर्षी रात्री, घरातले झोपले की, मोजत आलो. तिनं कधी एक शब्द बोलून दाखवला नाही. राखी मात्र कधी चुकली नाही, आणि चोविसाचे पंचवीस कधी झाले नाहीत.

या वर्षीही मल्लय्या आला. राखी हाताला बारीक लागली, म्हणून रात्रीची वाट न बघता मी लगेच आत जाऊन ती सोडली. एकवीस पदर भरले. पुन्हा मोजले. एकवीसच. बाहेर येऊन विचारलं, "अक्का कशी हाय?" मल्लय्या म्हणाला, "हाय की. डोळ्यानं अधू झालीय, बोटं बधिर पडत्यात. पर राखी कुनाला बांदू देत न्हाय. म्हनती, सदूची राखी मीच बांदनार."

मल्लय्या, तुला मी वाचवलं नाही. तुला राजम्मानं वाचवलं, आणि मारायला निघाली होती ती माझी तार. ही गोष्ट तिला ऐकू येईल अशी, तिच्यासमोर, तुझ्या तोंडावर सांगणं माझ्याकडून राहिलं आहे. आणि आजवर घेतलेले सगळे नारळ तिचे आहेत.